त्या 5 टक्क्यांत कोण?

गांधीसागर, म्हणजे आपला शुक्रवारी तलाव, महालाला लागूनच. त्यातल्या प्रत्येक जिवावर प्रत्येक रसायन तपासणं शक्य नाही. मग मासा, पाणपिसू, शैवाल अशा मोजक्या जाती तपासतात, त्यांची सहनशक्ती चढत्या क्रमाने मांडतात आणि त्या वक्रावरून 95 टक्के जाती सुरक्षित राहतील अशी मात्रा काढतात. अनेक देशांची पाण्याची मानकं अशीच ठरतात.

न्यायदर्शनात आपण याला अनुमान म्हणतो: धुरावरून अग्नी. पण व्याप्ती पक्की हवी ना! कीटकनाशकाच्या ज्या मात्रेत पाणपिसू मरते, तिच्यात शैवाल तगतं. समजा, उरलेल्या 5 टक्क्यांत पाणपिसूच आली, तर? शैवाल खाणारे कमी होतात, तलाव हिरवा होऊ शकतो. माशांची पिल्लं उपाशी राहतात. म्हणून मानक मान्य करण्याआधी आपण विचारायचं: त्या 5 टक्क्यांत कोण आहे?