मलपृष्ठावरची शिफारस आणि इतिहासाचा वाचक

दादर-गिरगावच्या दुकानांत इतिहासग्रंथ हाती घेणारा ग्राहक बहुधा आधी पुस्तक उलटे करतो आणि मलपृष्ठावरील ब्लर्ब, म्हणजे पुस्तकाचा थोडक्यात परिचय व मान्यवरांचे अभिप्राय, वाचून खरेदीचा निर्णय घेतो. हे अभिप्राय पुष्कळदा परीक्षणांतून वेचलेले असतात. ‘निवेदन ओघवते आहे, परंतु संपाचे विवेचन एकाच बाजूच्या साक्षींवर उभे आहे’, असे परीक्षकाने लिहिले आहे असे समजू. त्यातील पहिले तीन शब्द तेवढे मलपृष्ठावर येतात आणि मुख्य आक्षेप मागे राहतो.

इतिहासाच्या बाबतीत ही काटछाट अधिक परिणाम करते. ‘समग्र’ हे विशेषण वाचले की जे ग्रंथात नाही ते घडलेच नसावे, असा समज होतो. ‘कादंबरीसारखे वाचनीय’ म्हटले की तळटीपा अडचणीच्या वाटू लागतात, वास्तविक पाहता विधानाचा पुरावा तेथेच दिलेला असतो.

वाचकाची दृष्टी आधीच ठरवून टाकण्याचे हेच काम नामवंताची प्रस्तावना सविस्तर करते. नीरा आडारकर व मीना मेनन यांचा ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ (2004) हा परळ-लालबागच्या गिरणगावाचा मौखिक इतिहास, म्हणजे प्रत्यक्ष अनुभवलेल्यांच्या मुलाखतींवर उभारलेला इतिहास आहे. त्याला इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांची प्रदीर्घ प्रस्तावना असून, गिरणगावातील डाव्या चळवळीचा उदय आणि ऱ्हास हा तिचा विषय आहे. ती चौकट अभ्यासपूर्ण आहे. तथापि ती आधी वाचणारा वाचक कामगारांच्या, कार्यकर्त्यांच्या, शाहिरांच्या आठवणींतही उदय-ऱ्हासाचाच आलेख शोधू लागतो, आणि त्या आलेखात न बसणारे चाळीतले, खानावळीतले, सणासुदीचे तपशील त्याला गौण वाटण्याचा संभव असतो.

म्हणून अभिप्राय देणारा त्या विषयाचा अभ्यासक आहे की केवळ प्रसिद्ध व्यक्ती, अभिप्राय कोणत्या आवृत्तीविषयी आहे आणि मूळ परीक्षण कोठे छापून आले, हे पाहणे इष्ट ठरते. जुन्या ग्रंथांच्या बाबतीत ते पडताळणे शक्यही असते, कारण 1898 साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी जुनी नियतकालिके जतन केली आहेत आणि त्यांत ती परीक्षणे आक्षेपांसह पूर्ण वाचता येतात.