टिकली बसवताना

मंडळी, दिवाळीत दगडाने टिकल्या फोडल्या नाहीत असं आपल्यात क्वचितच कोणी असेल. काडतुसाच्या बुडाशी असलेला प्रायमर म्हणजे तशीच, पण कितीतरी जोरकस टिकली. घोडा ओढला की फायरिंग पिन तिच्यावर आपटते, ज्वाळा आत जाते आणि दारू पेटते. पितळी पुंगळी मात्र शाबूत राहते. ती साफ करून नवा प्रायमर, नवी दारू, नवी गोळी भरायची, याला इकडे रीलोडिंग म्हणतात. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरातला हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम म्हणजे सणच, त्यामुळे तळघरात हा उद्योग करणारे शेजारी भेटतातच.

आधी कायद्याचं सांगतो. भारतात परवान्याशिवाय घरी काडतूस बनवणं हा शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे. आणि इथे एच-वन-बीवर असाल, तर शिकारीच्या वैध परवान्यासारखा अपवाद लागू असल्याशिवाय बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. हे आपल्या बऱ्याच मुलांना ठाऊकच नसतं. ग्रीन कार्ड येईपर्यंत मी रेंजवर नुसता बघ्या होतो.

आता मुद्द्याचं. प्रायमर बसवायची साधनं साधारण तीन प्रकारची: मोठ्या प्रेसलाच जोडलेलं, टेबलाला घट्ट बसवलेलं, आणि हातात धरून दाबायचं. मी इंजिनिअर, मला वेगाचा मोह. म्हणून पहिल्यांदा प्रेसवरचं घेतलं. शंभर प्रायमर एका उभ्या नळीत भरायचे आणि दांडा ओढत राहायचं. पण त्या दांड्याची ताकद इतकी, की पुढे काय होतंय ते हाताला कळतच नाही. एका संध्याकाळी जरा जड लागलं, तसा मी जोर लावला. काढून बघतो तर प्रायमर आडवा होऊन चेपलेला! उडाला नाही एवढंच. एक उडाला तर नळीतले बाकीचेही उडू शकतात. वर मुलगी झोपली होती. मी दिवा मालवून वर गेलो.

सिंधीपुऱ्यात घरामागे आमचे चार पॉवरलूम होते. बाबा म्हणायचे, "धोटा अडकायला लागला की कानाआधी हाताला कळतं." ते तेव्हा आठवलं.

मग हातात धरायचं साधन घेतलं. वेग कमी, अंगठा दुखतो, पण पंधरा-वीस पुंगळ्यांनंतर हात बोलायला लागतो. प्रायमर खोबणीत सरकताना थोडा विरोध जाणवतो, मग तो तळाला टेकतो. विरोधच नसेल तर खोबण सैल झाली, ती पुंगळी बाद. हे प्रेसवर मला कधीच कळलं नव्हतं. बसल्यावर बुडावरून बोट फिरवायचं: प्रायमर कडेच्या समपातळीत किंवा केसभर खाली हवा. वर राहिला तर काही बंदुकांत बोल्ट बंद होतानाच बार उडण्याचा धोका असतो.

घेताना बघा की तबकातले प्रायमर आणि बसत असलेला प्रायमर यांच्यामध्ये आडपडदा आहे का. काही साधनांना नेहमीचा शेल-होल्डर चालतो, काहींना त्यांचाच वेगळा लागतो. लहान आणि मोठ्या प्रायमरचे व्यास ०.१७५ आणि ०.२१० इंच, त्यामुळे दोन्हींचे भाग आहेत ना तेही पाहा. कुठल्या कंपनीचे प्रायमर चालतील हे सोबतच्या पत्रकात असतं, ते वाचाच. सगळे सारखे नाजूक नसतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. प्रायमर मूळ खोक्यातच ठेवायचे, बरणीत ओतून नाही. त्यात शिसं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय पोळीला हात लावायचा नाही. (हे आमच्या आईचं कलम.)

नळीचं साधन मी विकलं. बाबांना व्हिडिओ कॉलवर नवं दाखवलं, तर त्यांनी आधी विचारलं, "कुलूप कुठे लावतोस?"

कपाट दाखवलं. किल्ली माझ्या गळ्यात असते.