बोअरचा आकडा आणि रायफलची खरी ताकद

सुरतच्या महिधरपुऱ्यातल्या हिरेबाजारात गनमनच्या खांद्यावर बहुधा बारा बोअरची बंदूक दिसते. तिच्या नळीचं तोंड सुमारे १८.५ मिलिमीटर रुंद असतं. लष्करातल्या जवानाच्या रायफलीची नळी ७.६२ मिलिमीटरची, म्हणजे तिच्या निम्म्याहूनही बारीक. तरी ५०० मीटरवरचा नेम साधायचा तर ती बारीक नळीच लागते. छऱ्यांच्या बारा बोअरचा जोर चाळीस-पन्नास मीटरनंतर ओसरतो. लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची पोरं पहाटे भरतीसाठी धावतात, आणि त्यांच्या गप्पांत रायफलींचा विषय निघतोच. त्या गप्पांचा पाया असतो एकच समज: आकडा मोठा तर हत्यार भारी. हा समज मुळातून चुकीचा आहे.

बारा बोअरमधला १२ हा आकडा मिलिमीटरचा नाही आणि इंचाचाही नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणून सोळा बोअर ही बारापेक्षा लहान असते. सुरतजवळ हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात के-९ वज्र तोफ तयार होते. तिला १५५ मिलिमीटर, ५२ कॅलिबर म्हणतात. इथे ५२ म्हणजे नळीची लांबी: १५५ च्या ५२ पट, आठ मीटरच्या थोडी वर. प्रत्येक हत्याराच्या आकड्याचा हिशेब असा वेगळा असतो, आणि तो न कळता केलेली तुलना व्यर्थ जाते.

सगळ्यात मोठा घोळ ७.६२ चा आहे. लष्कराची जुनी एसएलआर रायफल ७.६२ ची, नवी सिग ७१६ ही ७.६२ ची आणि अमेठीजवळ कोरव्याला बनणारी एके-२०३ सुद्धा ७.६२ चीच. मग तिन्ही सारख्याच, फरक फक्त कंपनीचा, असं सहज बोललं जातं. पण काडतुसं शेजारी शेजारी ठेवली की फरक डोळ्यांना दिसतो. एसएलआर आणि सिगच्या काडतुसाचं पितळी कवच ५१ मिलिमीटर लांब, एके-२०३ चं ३९ मिलिमीटर. एकाचं काडतूस दुसरीत चालत नाही. लांब कवचात दारू जास्त मावते. ५१ च्या काडतुसातली साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने निघते आणि नळीच्या तोंडाशी तिची ऊर्जा ३३०० ज्यूलच्या आसपास असते. ३९ च्या काडतुसातली आठ ग्रॅमची गोळी सुमारे ७१५ मीटर वेगाने निघते, तिची ऊर्जा दोन हजार ज्यूलच्या आसपास. बोअर तोच, ताकदीत मात्र दीडपटीहून जास्त तफावत.

आणखी बारकाईने पाहिलं तर खुद्द गोळ्यांची जाडीही सारखी नाही. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. ७.६२ हे माप खाचांमधल्या उंचवट्यांच्या दरम्यानचं. गोळी त्या खाचांत रुतत जाते, म्हणून ती मुळात थोडी जाड ठेवतात: ५१ च्या काडतुसात ७.८२ मिलिमीटर, ३९ च्या काडतुसात ७.९ च्या आसपास. म्हणून रायफलविषयी बोलताना नुसता बोअर सांगून भागत नाही, काडतुसाची लांबी सांगावीच लागते.

मग सरळ सगळ्यात दांडगं काडतूस का निवडू नये? कारण ते जवानाला वाहून न्यावं लागतं. ५१ च्या शंभर काडतुसांचं वजन सुमारे २.४ किलो, लष्कराच्या इन्सास रायफलीच्या ५.५६ मिलिमीटरच्या शंभर काडतुसांचं त्याच्या निम्मं. मोठ्या काडतुसाचा खांद्याला बसणारा धक्काही जबर, त्यामुळे दुसरी गोळी नेमकी लावायला वेळ जातो. १९५२ साली अमेरिकेत लढायांचा अभ्यास झाला, तेव्हा पायदळाची बहुतेक रायफलबाजी तीनशे यार्डांच्या आतच होते असं आढळलं. पुढे जगभर लहान काडतुसाकडे ओढा वाढला, त्यामागे ही कारणं होती. इन्सासबद्दल मात्र आपल्याकडे एक कथा रुजली आहे: ५.५६ ची गोळी शत्रूला ठार न करता फक्त जखमी करण्यासाठीच बनवली, म्हणजे त्याला उचलायला आणखी दोघे अडकतात. ती गोळी जीवघेणीच आहे. तिची निवड वजन, धक्का आणि अंतर यांच्या हिशेबाने झाली.

१९६२ च्या युद्धात आपल्या बहुतेक जवानांच्या हातात प्रत्येक गोळीमागे बोल्ट ओढावा लागणारी .३०३ होती. त्यानंतर आली एसएलआर, बेल्जियमच्या एफएन एफएएल रायफलीचं इशापूरला बनलेलं रूप. १९९० च्या दशकात इन्सास आली. कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी झाल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार झाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ चा. लष्कर लहानाकडून पुन्हा मोठ्याकडे वळलं, म्हणजे आधीचा निर्णय मूर्खपणाचा होता, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. सीमेवर डोंगराच्या एका धारेवरून दुसऱ्या धारेवर मारा करायचा तर सिगचं लांब काडतूस कामाचं. जवळच्या झटापटीत हलकी, भरवशाची एके कामाची. दोन्ही रायफली जवळपास एकाच काळात घेणं हेच सांगतं की कामं दोन आहेत.

रायफल निवडताना आतली यंत्रणाही तितकीच महत्त्वाची. भारताने एफएएल घेतली, पाकिस्तानने जर्मनीची जी-३. काडतूस दोन्हींत एकच, ७.६२ बाय ५१. पण एसएलआरमध्ये गोळी सुटताना नळीतला थोडा गॅस एका भोकातून वर जातो, दट्ट्या मागे ढकलतो, रिकामं कवच बाहेर पडतं आणि स्प्रिंग पुढचं काडतूस आत सारते. हा गॅस कमी-जास्त करायची सोय जवानाच्या हातात असते. जी-३ मध्ये दट्ट्याच नाही. बोल्टमधले दोन रोलर बोल्टला क्षणभर अडवून धरतात आणि दाब उतरल्यावर सोडतात. कुठली यंत्रणा चांगली, हे माती, वाळू आणि थंडी ठरवतात. इस्रायलने वाळवंटात एफएएल वापरली, वाळूने ती अडकू लागली, आणि अखेरीस एकेच्या धाटणीची गलील रायफल स्वीकारली. तीच एफएएल इतर अनेक देशांनी वर्षानुवर्षं समाधानाने वापरली.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे अर्धवट, दुय्यम हत्यार, हाही असाच एक गैरसमज. चाप एकदा दाबला की एक गोळी, आणि पुढची आपोआप भरलेली, एवढाच त्याचा अर्थ. आपली एसएलआर मुद्दाम तशी ठेवली होती, कारण एवढ्या जोरकस काडतुसाचा सलग मारा सुरू केला की दुसऱ्या-तिसऱ्या गोळीपासून नळी वर उचलली जाते आणि नेम हुकतो.

शेवटी परवान्याचं. ‘पैसे असले की मोठ्या बोअरची सेमी-ऑटोमॅटिक रायफलही परवान्यावर मिळते’ असं सांगणारा एजंट भेटला तर त्याच्यापासून दूर राहा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये सेमी-ऑटोमॅटिक रायफली पहिल्या प्रवर्गात मोडतात आणि तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे. सुरत शहरात पोलीस आयुक्तालयातून परवाना मिळतो तो साध्या हत्यारांचा. ७.६२ वरही निर्बंध आहेत, पण बोअर मोठा म्हणून नव्हे, ते सैन्याचं काडतूस आहे म्हणून. परवान्यावर मिळणारी .३१५ इंचाची बोल्ट-ॲक्शन रायफल नावाच्या हिशेबाने ८ मिलिमीटरची, म्हणजे ७.६२ पेक्षा मोठीच. इंग्रजांना .३०३ चं सरकारी काडतूस लोकांच्या हाती नको होतं, म्हणून हा वेगळा बोअर पुढे आला. चाप दाबून धरला की गोळ्या सुटत राहतात असं हत्यार बेकायदा बाळगलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात आणि कमाल चौदा वर्षांची कैद आहे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडच्या परवानाधारक हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं केली.