‘फादर कशाला?’

वसईचे लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो 25 जुलै 2024 ला गेले. दुसऱ्या दिवशी रिठदच्या बसथांब्यावर मी ती बातमी शेजारच्यांना वाचून दाखवली. त्यावर एक शिकलासवरलेला तरुण म्हणाला, ‘‘सर, तो धर्मांतरवाला पाद्री ना?’’ त्यानं दिब्रिटोंचं एक पानही वाचलेलं नव्हतं. मी समजावू लागलो, तोवर रिसोडची गाडी आली आणि तो चढून गेला. ते वाक्य अजून माझ्या मनातून जात नाही.

पाद्री म्हटलं की लोकांना धर्मांतरच आठवतं, पण मिशनऱ्यांच्या त्या इतिहासात मला फारसा रस नाही. हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, त्यांनी शाळा काढली. यवतमाळची बायबल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला गेली. इमारती, अहवाल, किती जणांचा बाप्तिस्मा झाला त्याचे आकडे. यातलं काहीच मनाला धरत नाही. मला ओढ आहे ती ख्रिस्ताला आपलं मानून चर्चला प्रश्न विचारणाऱ्या मराठी माणसांची.

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मगुरूंशी वाद मांडला. त्रैक्याचा सिद्धान्त त्या मुकाट्यानं स्वीकारेनात. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. जातिभेद देवानं केलेला नाही, हे लक्ष्मीबाई टिळकांना कुणा पाद्रीनं पटवलं नाही. स्वतःशीच वाद घालत त्या तिथवर पोचल्या. त्यांचे पती रेव्हरंड टिळक तर तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचं सांगत. 1917 मध्ये मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. दोन वर्षांनी ते गेले. तो दरबार फार टिकला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

हे सगळं मला कळलं ते नव्वदच्या दशकात. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला तो 1998 मध्ये. मी नवा मास्तर होतो, घर माळकऱ्यांचं. मनिऑर्डरनं वर्गणी भरून वसईचं ‘सुवार्ता’ मासिक मागवायला लागलो. दिब्रिटो 1983 पासून 2007 पर्यंत त्याचे संपादक होते. पोस्टमननं पहिला अंक आणून दिला आणि संध्याकाळपर्यंत गावात कुजबुज सुरू झाली, ‘मास्तर बाटतो की काय!’ बाटलो नाही. एकादशी कधी चुकली नाही. उलट माझ्या देवाविषयी नीट विचार करायला मी त्या मासिकामुळे शिकलो.

त्यात बायबलचं निरूपण असे आणि त्याच्या जोडीला वसईच्या जमिनी, विहिरींचं पाणी, गुंडांची दहशत. ख्रिस्ती नसलेले लेखकही लिहीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईच्या चळवळीत दिब्रिटो उतरले, ते झग्यातले फादर म्हणूनच. भक्ती करणाऱ्यानं गावच्या विहिरीकडे पाठ फिरवायची नाही, हे त्यांचं म्हणणं आमच्या सप्ताहात मात्र मला क्वचितच ऐकू येई.

नव्वदचं दशक साधं नव्हतं. 31 ऑक्टोबर 1992 ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी गॅलिलिओच्या बाबतीत चर्चचं चुकलं, असं जाहीर केलं. पाच आठवड्यांनी अयोध्येत मशीद पडली. जानेवारी 1999 मध्ये ओडिशात ग्रॅहम स्टेन्स यांना दोन लहान मुलांसह गाडीत जाळलं. मार्च 2000 मध्ये त्याच पोपनी चर्चच्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली. आपल्याच धर्माची चूक उघड बोलून दाखवणारा माणूस धर्मबुडवा नसतो, उलट त्याचीच श्रद्धा खरी, हे माझ्या मनात तेव्हा पक्कं झालं.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका व्याख्यानमालेला मी दिब्रिटोंचं नाव सुचवलं होतं. ‘फादर कशाला?’ एवढं म्हणून मंडळानं विषय संपवला. पुढे जानेवारी 2020 मध्ये दिब्रिटो उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा हाच प्रश्न महाराष्ट्रभर मोठ्यानं विचारला गेला. धमक्या आल्या. पाठीच्या दुखण्यानं बेजार झालेला हा म्हातारा माणूस चाकांच्या खुर्चीवरून व्यासपीठावर आला आणि बोलला. ‘सुबोध बायबल’सारखा ग्रंथ मराठीत आणणाऱ्याला मराठीच्या मांडवात यायला पोलीस बंदोबस्त लागावा, याची मला लाज वाटते.

आता परिस्थिती आणखी आवळली आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारनं सक्तीच्या धर्मांतराविरुद्धच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमली. सक्ती वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण या वातावरणात ख्रिस्ती माणूस दिसला की आधी त्याच्या हेतूवर संशय घेतला जातो. दुसऱ्या बाजूला चंगाई सभांचे मांडव आहेत. तिथं ‘उठा, बरे झालात’ असं सांगितलं जातं आणि प्रश्न विचारणाऱ्याला विश्वास कमी पडला म्हणून गप्प केलं जातं. रमाबाई आज अशा मांडवात उभ्या राहिल्या असत्या, तर त्यांना बाहेर काढलं असतं. बाहेरचा जमाव त्यांना बाटगी म्हणाला असता. दोन्हीकडे मला सारखीच भीती दिसते, विचारणाऱ्या माणसाची.

आमच्या भागातल्या वाचनालयांना माझी विनंती आहे. पुढच्या ग्रंथखरेदीत लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’, रमाबाईंचं चरित्र आणि ‘सुबोध बायबल’ घ्या, आणि कुलपातल्या कपाटात न ठेवता टेबलावर ठेवा. पोरांनी ती वाचावीत आणि मग पटलं नाही तर कडाडून भांडावं. भांडायला मी रोज संध्याकाळी घरीच असतो.