नीरेचा कांठ आणि अमेरिकेची मोटार

भोरच्या डोंगरांतून निघालेली नीरा पुणें जिल्ह्याची दक्षिण सीमा आंखीत पूर्वेकडे जाते आणि इंदापूर तालुक्याच्या टोंकास, नीरा-नरसिंगपूर येथें, भीमेस मिळते. या नदीचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला, आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या मुलुखांत उंसाचे मळे दिसूं लागले, ही हकीकत शाळेंत जाणाऱ्या मुलांसही ठाऊक आहे. परंतु याच कांठावरच्या दोन गांवांचा धागा अमेरिकेंतील मोटारींच्या इतिहासाशीं जुळलेला आहे, हें पुष्कळांच्या ध्यानांत आलेलें नसेल. पहिलें गांव बारामती तालुक्यांतील होळ. दुसरें, इंदापूर तालुक्यांत कळंबच्या शिवारांत वसलेलें वालचंदनगर. होळ गांवाचें नांव आडनांव म्हणून मिरविणाऱ्या एका राजानें अमेरिकेंतली उत्तमोत्तम मोटार विकत घेतली. वालचंदनगरास ज्यांचें नांव मिळालें त्या उद्योगपतीनें अमेरिकेंतली मोटार आपल्या देशांत घडविण्याचा ध्यास घेतला. वस्तु घेणें, वस्तु करणें आणि वस्तु रचणें या तीन भिन्न पायऱ्या आहेत. त्यांतील अंतर किती असतें, हें या दोन कथा एकत्र वाचल्या म्हणजे स्पष्ट होतें.

होळकर घराण्याचे मूळ पुरुष मल्हारराव यांचें जन्मगांव होळ. त्यांच्या गादीवर पुढें बसलेले इंदूरचे दुसरे यशवंतराव होळकर यांस नव्या घाटाच्या वस्तूंची मोठी हौस होती. त्यांनीं ड्यूसेनबर्ग नांवाच्या अमेरिकन कारखान्याचा सांगाडा व एंजिन घेऊन त्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या प्रसिद्ध कारागिरांकडून १९३६ मध्यें शरीर चढवून घेतलें. लांबच लांब गाडी, आणि आंत बसावयास जागा दोघांचीच! त्या काळीं अशा भारी गाड्यांचा कारखाना केवळ चाकें, सांगाडा आणि एंजिन देई. वरचें शरीर गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घ्यावें, अशी रीत होती. या एंजिनाची शक्ति सुमारें ३२० घोड्यांची आहे, असें कारखान्याचें सांगणें असे. ही गाडी आजही जगांतील मोटारींच्या दर्दी मंडळींत नांवाजली जाते.

ही गाडी ज्यांच्या नांवानें ओळखली जाते ते फ्रेडरिक आणि ऑगस्ट ड्यूसेनबर्ग हे बंधु जर्मनींत जन्मलेले. लहानपणीं ते आयोवा राज्यांत येऊन राहिले. महाविद्यालयाची पायरी त्यांनीं चढली नाहीं. फ्रेडरिकनें आरंभ केला तो सायकली दुरुस्त करण्यापासून. बेळगांवांत सायकलींच्या दुकानानें आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचें स्मरण मराठी वाचकास येथें झाल्यावांचून राहणार नाहीं. या बंधूंची शाळा म्हणजे शर्यतीचें मैदान. १९२१ मध्यें फ्रान्समधील ल मां येथें झालेल्या मोठ्या शर्यतींत जिमी मर्फी या अमेरिकन चालकानें, सरावांतील अपघातांत बरगड्यांस इजा झाली असतांही, ड्यूसेनबर्ग गाडी पहिली आणिली. तिच्या चारही चाकांस द्रवाच्या दाबानें चालणारे ब्रेक होते. प्रतिस्पर्धी वळणाच्या बरेच अलीकडे वेग आवरूं लागत. मर्फीस तो वळणाच्या अगदीं तोंडाशीं आवरतां येई. जो खात्रीनें थांबूं शकतो तोच निर्धास्तपणें धांवूं शकतो, हें तत्त्व त्या दिवशीं युरोपच्या नजरेस आलें. पुढें १९२४, १९२५ आणि १९२७ या सालीं इंडियानापोलिस येथील पांचशें मैलांची शर्यतही ड्यूसेनबर्ग गाड्यांनीं जिंकली.

शर्यत म्हणजे श्रीमंतांचा जिवावरचा खेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. परंतु अमेरिकेंत हा खेळ कारखानदारांची परीक्षाही झाला. हेन्री फोर्ड यांचे पहिले व्यापारी प्रयत्न फसले होते, तेव्हां १९०१ च्या ऑक्टोबरांत डेट्रॉइटजवळ त्यांनीं अलेक्झांडर विंटन या नामांकित कारखानदारास शर्यतींत हरविलें, आणि त्या विजयामुळें भांडवलवाल्यांची दृष्टि त्यांच्याकडे वळली. याच फोर्डनीं पुढें १९०८ मध्यें 'मॉडेल टी' ही साधी, चिवट गाडी काढली आणि १९१३ मध्यें सरकत्या सांखळीवर गाडी जोडण्याची पद्धति सुरू केली. एका सांगाड्याच्या जोडणीस पूर्वीं बारा तासांहून अधिक वेळ लागे, तो दीड तासावर आला. १९२७ पर्यंत या गाडीच्या दीड कोटि प्रती निघाल्या. ड्यूसेनबर्गची गाडी राजाची, तर फोर्डची शेतकऱ्याची.

या दोन टोंकांच्या मधला मार्ग ज्यानें काढला त्या वॉल्टर क्रायस्लर यांचें चरित्र आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांनीं मुद्दाम वाचावें असें आहे. ते १८७५ मध्यें कान्सास राज्यांत जन्मले. वडील आगगाडीचे एंजिन चालविणारे. मुलानें कॉलेजांत जावें ही वडिलांची इच्छा. मुलाचें मन मात्र रेल्वेच्या कारखान्यांतल्या हत्यारांत गुंतलेलें. वडील मान्यता देईनात, तेव्हां या मुलानें त्याच कारखान्यांत झाडण्याचें काम पत्करलें आणि अखेर उमेदवारी मिळविली. विकत घेण्यास पैसा नव्हता, म्हणून आपलीं पुष्कळशीं हत्यारें त्यानें स्वतःच घडविलीं.

१९०८ मध्यें शिकागोच्या प्रदर्शनांत क्रायस्लरनीं लोकोमोबील नांवाची पांढरी शुभ्र मोटार पाहिली. किंमत पांच हजार डॉलर. गांठीं होते अवघे सातशें. बाकीचे त्रेचाळीसशें त्यांनीं कर्जाऊ काढले. गाडी आगगाडीनें घरीं आली, ती घरामागच्या कोठारांत नेऊन ठेविली, आणि पत्नी व मुली फिरावयास जाण्याची वाट पाहत असतां या गृहस्थानें तिचा एकेक भाग सुटा करण्यास प्रारंभ केला! भाग काढावे, त्यांचीं चित्रें काढावींत, पुन्हां जोडावे, पुन्हां काढावे, असें कित्येक आठवडे चाललें; तोंवर कुटुंबांतील कोणासही तींत बसून एक पाऊलभर जातां आलें नाहीं. कर्ज काढून आणलेली वस्तु अशी पसरून बसलेला यजमान आपल्या घरीं असता, तर वडीलधाऱ्यांनीं त्यास काय म्हटलें असतें, याची कल्पना ज्यानें त्यानें करावी. परंतु त्या कोठारांत क्रायस्लरनीं जें विकत घेतलें तें बाजारांत मिळणारें नव्हतें. दुसऱ्यानें केलेली वस्तु त्यांनीं आपल्या बुद्धीनें आपलीशी केली.

पुढें रेल्वेची एंजिनें बांधणाऱ्या कारखान्यांतील मोठा पगार सोडून, कमी वेतनावर, ते ब्युइक मोटारींच्या कारखान्यांत गेले. १९२४ मध्यें स्वतःच्या नांवाची गाडी काढली, आणि १९२५ मध्यें क्रायस्लर कॉर्पोरेशन स्थापिली. झेडर, स्केल्टन आणि ब्रीअर हे तीन अभियंते त्यांचे उजवे हात. मर्फीच्या शर्यतींत झळकलेले द्रवाच्या दाबाचे ब्रेक या १९२४ च्या गाडीवर बसले आणि मध्यमवर्गाच्या हातीं आले. मैदानावर तपासलेली युक्ति तीनच वर्षांत गृहस्थाच्या दारीं आली, हें शर्यतीचें खरें फळ. १९२८ मध्यें क्रायस्लरनीं डॉज बंधूंचा कारखाना घेतला, आणि प्लिमथ व डिसोटो हीं नवीं नांवें बाजारांत आणिलीं.

हींच तीन नांवें पुढें इंदापूर तालुक्याशीं नातें असलेल्या माणसामुळें आपल्या देशांत रुळलीं. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. शिक्षण मुंबईस आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत झालें. घरचा धंदा सावकारीचा व कापसाचा; परंतु त्यांनींही रेल्वेचाच रस्ता धरला. रेल्वेंतील कारकुनी सोडून कंत्राटदार झालेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशीं भागीदारी करून त्यांनीं बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून आरंभ केला. पुढें जहाजें आलीं, भोर घाटांतील बोगदे आले, आणि १९३० नंतरच्या वर्षांत कळंबच्या माळावर उंसाची शेती व साखरेचा कारखाना उभा राहून वालचंदनगर वसलें.

हिंदुस्थानांत मोटारी तोंवर पुष्कळ होत्या, परंतु त्या परक्यांच्या होत्या. फोर्ड आणि जनरल मोटर्स या अमेरिकन कंपन्या पेट्यांतून आलेले भाग येथें जोडून विकत. जनरल मोटर्सचा असा कारखाना मुंबईस शिवडी येथें १९२८ पासून होता. जोडणी येथें, ज्ञान तेथें. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेचे कारखाने पाहून देशी मोटारीची योजना मांडली, आणि ती वालचंदांनीं उचलून धरली. फोर्डशीं बोलणीं फळास आलीं नाहींत. १९३९ मध्यें वालचंद अमेरिकेस जाऊन आले. १९४० मध्यें क्रायस्लर कंपनीशीं करार झाला. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत वॉल्टर क्रायस्लर निवर्तले. याच अमेरिकेच्या प्रवासांत विमानांचे व्यापारी विल्यम पॉली यांची गांठ पडून बंगलोरचा विमानांचा कारखाना १९४० अखेर निघाला. मोटारीच्या योजनेस मात्र महायुद्धाच्या काळांत इंग्रज सरकारचा पाठिंबा मिळाला नाहीं. अखेर १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली, आणि १९४७ मध्यें, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षीं, मुंबईजवळ कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो यांची कुडी बहुतांशीं एकच. तोंडवळा तेवढा निराळा. आरंभीं भाग बाहेरचे आणि जोडणी येथली, हें खरें. परंतु वालचंदांस जावयाचें होतें तें त्याच्या पुढें. १९५३ च्या सुमारास सरकारनें असा दंडक घातला कीं, ज्यांस येथें भाग घडवावयाचे नाहींत त्यांनीं नुसती जोडणीही करूं नये. तेव्हां फोर्ड व जनरल मोटर्स निघून गेल्या, आणि प्रीमियर उरली. तो विजय पाहण्यास वालचंद फार काळ राहिले नाहींत. १९५३ च्या एप्रिलांत त्यांचें देहावसान झालें.

येथवरची कथा अभिमानाची आहे. पुढची कथा विचार करण्याजोगी आहे. प्रीमियरनें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार करून १९५४ पासून लहान गाड्या काढल्या. १९६४ च्या सुमारास तिचा जो अवतार आला तोच पुढें 'पद्मिनी' या नांवानें, किरकोळ फेरबदल होऊन, शतक संपेपर्यंत चालला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें तिनें लक्षावधि लोकांची सेवा केली; २०२३ च्या ऑक्टोबरांत ती टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हां अनेकांस घरचें माणूस गेल्यासारखें वाटलें. पण एकच रूप इतकीं वर्षें कां टिकलें? परवान्यांच्या राज्यांत गिऱ्हाईक वर्षानुवर्षें रांगेंत उभें असे. प्रतिस्पर्धी नव्हते, शर्यत नव्हती, म्हणून गाडी नव्यानें रचण्याचें कारणही नव्हतें. आपण करावयास शिकलों. रचावयास शिकलों नाहीं.

अमेरिकेंत याच्या उलट होतें. जनरल मोटर्सनें १९२७ मध्यें हार्ले अर्ल या कलावंतास बोलावून गाड्यांच्या रंगरूपाचें स्वतंत्र खातें उघडलें. तेथें मातीच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृति करून रूप ठरविलें जाई. या पद्धतीनें नव्या नव्या फॅशनचा सोस वाढला, हा दोष खराच. पण त्याबरोबर रचनाकारांची एक पिढी तयार झाली. क्रायस्लर कंपनीनें १९३४ मध्यें वाऱ्याचा अडथळा मोजून, बोगद्यांत प्रयोग करून, 'एअरफ्लो' नांवाची गोलसर गाडी काढली. ती लोकांस रुचली नाहीं आणि १९३७ मध्यें बंद करावी लागली. परंतु तींतले विचार पुढें सर्वत्र मान्य झाले. फसण्याची मुभा असल्यावांचून रचना करतां येत नाहीं.

आपल्या भागांतही ही तिसरी पायरी आतां दृष्टिपथांत आली आहे. १९९८ मध्यें पुण्याच्या टाटांनीं, रूपापुरतें इटालियन रेखाटनकारांचें साह्य घेऊन, 'इंडिका' ही आपल्या अभियंत्यांनीं रचलेली मोटार आणली. वालचंदनगरचा कारखाना साखरेचीं यंत्रें करतां करतां अवकाशांत जाणाऱ्या अग्निबाणांचीं कवचें घडवूं लागला. बारामतीस इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या तीनचाकी गाड्या विसावें शतक संपतां संपतां निघूं लागल्या, आणि २०१२ पासून व्हेस्पाही तेथेंच तयार होते. नीरेकांठचीं मुलें आज या कारखान्यांत काम करतात. परक्याचें रेखाचित्र हातीं घेऊन काम करणारा तो मुलगा उद्यां स्वतः रेखाचित्र काढणारा कसा होईल, हा आतांचा प्रश्न आहे.

त्याचें उत्तर कांहीं अंशीं आपल्या घरांत आहे. आपल्या कुटुंबांत मुलाच्या हातीं पुस्तक दिसलें तर कौतुक होतें, आणि पाना दिसला तर पसारा केल्याबद्दल बोलणीं बसतात. सुट्टींत पंखा, सायकल किंवा शिवण्याचें यंत्र खोलून बसणाऱ्या मुलास अथवा मुलीस आपण "हात काळे करून घेऊं नकोस" म्हणतों. त्याऐवजीं काढलेले स्क्रू ठेवण्यास एक वाटी द्यावी, आणि सर्व पूर्ववत् जोडून दाखविण्याची अट घालावी. चार दिवस पंखा बंद राहील, वडील मंडळींस उकडेल. तेवढें सोसण्याची तयारी असावी.