कायद्याच्या आधी आलेले कामगार-कल्याण

जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात सुरू केलेल्या एम्प्रेस मिलमध्ये निवृत्तिवेतन निधी १८८६ मध्ये आणि अपघात-भरपाई १८९५ मध्ये लागू झाली. भरपाई बंधनकारक करणारा कायदा मात्र १९२३ मध्ये झाला.

जमशेदपूर : १९०७ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या पोलाद कंपनीने आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये स्वीकारला, तर भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे कामगार आणि मालक या दोघांच्या वर्गणीतून साठणारी रक्कम, १९२० मध्ये सुरू केला, ज्याचा केंद्रीय कायदा १९५२ मध्ये झाला.

प्रसूतिलाभ : कंपनीत १९२८, मुंबई प्रांताच्या कायद्याने १९२९, केंद्रीय कायद्याने १९६१.

उपदान (ग्रॅच्युइटी) : दीर्घ सेवेनंतर एकरकमी मिळणारी ही रक्कम कंपनीने १९३७ पासून दिली, तिचा कायदा १९७२ मध्ये झाला.