झोप न आणणारी गोळी : 'नाही' म्हणजे कुठे नाही?

पनवेलला आम्ही राहतो तिथे दारावरच्या पाटीवर आमच्या नावाआधी 'डॉ.' आहे. ती पदवी तत्त्वज्ञानातली. पण पाऊस सरून दिवाळीची झाडलोट सुरू झाली, की शेजारीपाजारी दार वाजवतात. "सर, शिंकांनी नाकी नऊ आणलेत. सेट्रिझिन घेऊ का? झोप येत नाही म्हणतात त्याने." आम्ही सांगतो, "अहो, आम्ही त्यातले डॉक्टर नव्हे." तरी प्रश्न डोक्यात राहिला. मग थोडं वाचलं, आमच्या खऱ्या डॉक्टरांना विचारलं, आणि लक्षात आलं की 'झोप न आणणारी' या विशेषणात आमच्या विषयातला एक जुना प्रश्न आहे. आज तोच मांडतो.

आधी ॲलर्जी म्हणजे काय ते पाहू. परागकण, धुळीतले बारीक कीटक, ओलसर भिंतीवरची बुरशी या तशा निरुपद्रवी गोष्टी. काहींचं शरीर त्यांना शत्रू समजतं आणि हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं. मग शिंका, वाहणारं नाक, डोळ्यांना खाज. इंग्रजीतलं नाव 'हे फीव्हर', म्हणजे गवताचा ताप. ताप त्यात नसतोच, आणि आपल्याकडे कारणही बहुधा सुकं गवत नसतं. कोकणच्या दमट हवेत बुरशी आणि धुळीतले कीटकच जास्त छळतात. गवतच म्हणाल तर आपलं गाजरगवत आहे. १९५५ साली पुण्यात त्याची दखल घेतली गेली, आणि पुढे ते देशभर पसरलं. नाक आणि त्वचा दोन्हींना ते त्रास देतं.

हिस्टामिनला अडवणारं औषध ते अँटिहिस्टामिन. डॅनिएल बोव्हे यांनी १९३७ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याचा पाया घातला. त्यांना १९५७ चं नोबेल मिळालं. अडचण एकच होती. हेच हिस्टामिन मेंदूत आपल्याला जागं ठेवण्याचं काम करतं. एव्हिल, क्लोरफेनिरामिन ही जुनी औषधं मेंदूत सहज शिरतात आणि तिथलंही हिस्टामिन अडवतात. म्हणून गुंगी येते. सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही नवी औषधं मेंदूत कमी शिरतात. 'झोप न आणणारी' म्हणतात ती ही.

आता प्रश्नाकडे येऊ. न्यायदर्शनात अभावाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. 'घट नाही' एवढं म्हणून भागत नाही. कुठे नाही, हेही सांगावं लागतं. या जमिनीवर नाही, पण शेजारच्या खोलीत असेल. तसंच 'झोप नाही' हे कुठे? गोळीत, सरासरी माणसात, की तुमच्या शरीरात? चाचण्यांमध्ये १० मिलिग्रॅम सेट्रिझिन घेणाऱ्या शंभरातल्या सुमारे १४ जणांना झोप येत होती. औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६ होतं. म्हणजे बहुतेकांना झोप नाही, पण त्या चौदांत तुम्ही असाल तर सरासरीचा तुम्हाला काय उपयोग? फेक्सोफेनाडिनने सहसा गुंगी येत नाही, तरी पहिल्यांदा घेताना सावध राहावंच.

तुम्ही म्हणाल, झोप आली तर आम्हाला कळेलच की! आमचाही हाच समज होता. काही वर्षांपूर्वी सर्दीची एक साधी गोळी घेऊन आम्ही पुण्याला निघालो. गाडी आम्हीच चालवत होतो. डोळ्यांवर झापड नाही, जांभई नाही. घाटात पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले ते आम्हाला दिसले, पण पाय ब्रेकवर गेला तो शेजारून "अहो, ब्रेक!" अशी हाक आल्यावर. थोडक्यात निभावलं. घरी येऊन वेष्टन वाचलं, तर त्यात क्लोरफेनिरामिन होतं.

हे आमच्यापुरतं नाही. अमेरिकेत आयोवा इथे ४० ॲलर्जीग्रस्तांना गाडी चालवण्याच्या कृत्रिम यंत्रात बसवून पाहिलं. २००० साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. डायफेनहायड्रामिन हे जुन्या पिढीतलं औषध घेतलेल्यांचं चालवणं दारू घेतल्यावरच्या चालवण्यापेक्षाही वाईट ठरलं. फेक्सोफेनाडिनवर ते बिनऔषधी गोळीसारखंच राहिलं. महत्त्वाचं हे, की 'मला किती झोप येतेय' या स्वतःच्या सांगण्यावरून कोण किती वाईट चालवेल याचा नीट अंदाज येत नव्हता. इथे आपलं मन हे भरवशाचं प्रमाण नाही. एक्स्प्रेस वेच्या तोंडाशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे विसरू नये.

दुसरी गफलत म्हणजे 'झोप नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा घेणं. टरफेनाडिन हे झोप न आणणारं पहिलं गाजलेलं औषध. १९८५ साली अमेरिकेत आलं. काही अँटिबायोटिक किंवा बुरशीवरच्या औषधांबरोबर घेतल्यावर ते रक्तात साठून हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडवायचं. १९९८ मध्ये ते तिथल्या बाजारातून गेलं. गंमत अशी, की शरीरात त्याचं रूपांतर होऊन जो पदार्थ बनतो तोच फेक्सोफेनाडिन. त्याला हा दोष नाही.

आता वापराचं बोलू. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नेमून दिलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नका, आणि त्याबरोबर दारू नको. सर्दीच्या मिश्र गोळीत बहुधा अँटिहिस्टामिन असतंच, तेव्हा वर सेट्रिझिन घेतलं की दोनदा घेतल्यासारखं होतं. वेष्टनामागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा. फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्या. संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाने ते कमी शोषलं जातं. ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या औषधातही दोन तासांचं अंतर ठेवा. बिलास्टिन रिकाम्या पोटी घ्यायचं. मूत्रपिंड कमजोर असेल तर सेट्रिझिनची मात्रा कमी करावी लागते, म्हणून आमच्या वयाच्या मंडळींनी आधी विचारावं. काचबिंदू किंवा प्रोस्टेट असेल तर जुन्या गोळ्या विशेष टाळाव्यात, कारण त्यांनी लघवी अडू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी स्वतःच्या मनाने काही घेऊ नये. लहानग्यांना मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं सर्दीचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढली आहे.

मॉन्टेलुकास्ट आणि लिव्होसेट्रिझिनची जोडगोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. मॉन्टेलुकास्टने काहींना मनाचे आणि झोपेचे गंभीर त्रास होतात, असा ठळक इशारा अमेरिकेने २०२० मध्ये दिला. म्हणून ती शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेण्याची गोष्ट नव्हे. महिनोन्‌महिने रोज सेट्रिझिन घेऊन एकदम थांबवल्यास क्वचित अंगभर तीव्र खाज सुटते, हेही २०२५ मध्ये तिथे नोंदवलं गेलं. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा. नाक सतत चोंदत असेल तर गोळीपेक्षा डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे जास्त उपयोगी पडतो.

आणि एक कृपा करून लक्षात ठेवा. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, घेरी आली, तर गोळी शोधत बसू नका. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. लगेच १०८ ला फोन करा.

शेजाऱ्यांना हल्ली आम्ही एवढंच सांगतो. कोणती गोळी ते डॉक्टरांना विचारा. नवी गोळी पहिल्यांदा घ्याल ती सुट्टीच्या दिवशी, गाडीची किल्ली लांब ठेवून. आणि संध्याकाळी 'मला झोप आली का' हे स्वतःला विचारू नका. घरच्यांना विचारा, "आज मी कसा होतो?" ते खरं सांगतील.

आता तुमचे प्रश्न घेऊ.